९०० रुपये १२०० पेक्षा जास्त कधी होतात?

समजा नाशिक जिल्ह्यातल्या कांदा भावाची एक वेबसाइट आहे. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, चांदवड, उमराणे अशा बाजार समित्यांचे भाव रोज त्यावर पडतात, आणि निफाडकडचा एखादा शेतकरी कांदाचाळ उघडायच्या आधी मोबाईलवर बघतो की आज उन्हाळ कांद्याला क्विंटलला कुठे काय सरासरी निघाली. त्याने "जास्त भाव आधी" दाबलं आणि सगळ्यात वर आला ९००, त्याखाली २५००, त्याखाली १२००. साइट बंद पडलेली नाही, भाव भरणाऱ्यानेही बरोबर भरलेत, तरी यादी उलटीपालटी. आणि पहिली ओळ बघून "आज ९०० च्या वर काही गेलं नाही वाटतं" म्हणून त्याने माल चाळीतच ठेवला तर फटका त्यालाच बसणार ना.

हे का होतं ते कळायला साइटच्या पोटात बघावं लागतं. अशा साइट बहुतेक वेळा वर्डप्रेससारख्या कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीमवर, म्हणजे साइटचा मजकूर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, बनवतात. वर्डप्रेस आलं २००३ मध्ये, लेख लिहायचे आणि तारखेप्रमाणे दाखवायचे एवढ्यासाठी, म्हणजे शीर्षक, मजकूर, तारीख, लेखक यांना त्यात आधीपासून जागा आहे पण "सरासरी भाव" किंवा "आवक" याला जागा कुठून असणार? म्हणून सोय केली कस्टम फील्डची: तुम्हीच नाव ठरवा, तुम्हीच व्हॅल्यू भरा.

ही सगळी फील्ड एकाच टेबलात जाऊन पडतात, त्याचं नाव पोस्टमेटा. त्यात कॉलम फक्त चार: ओळीचा स्वतःचा नंबर, कुठल्या नोंदीची ओळ आहे तो नंबर, फील्डचं नाव आणि फील्डची व्हॅल्यू. बस्स. लासलगावच्या एका दिवसाच्या नोंदीला समिती, कांद्याचा प्रकार, आवक, किमान, कमाल आणि सरासरी अशी सहा फील्ड असली तर या टेबलात सहा ओळी तयार होतात, एकाखाली एक. आता गंमत बघा, व्हॅल्यूच्या त्या एकाच कॉलमात कुणी भाव टाकणार, कुणी गावाचं नाव, कुणी अख्खा परिच्छेद, त्यामुळे तो कॉलम ठेवलाय लाँगटेक्स्ट प्रकारचा, म्हणजे निव्वळ मजकूर. तुम्ही १२०० टाकलात तरी डेटाबेससाठी ती संख्या नसते, एकापुढे एक ठेवलेली चार अक्षरं असतात.

आणि मजकुराची तुलना शब्दकोशातल्या शब्दांसारखी होते, पहिलं अक्षर बघायचं, ते सारखं असेल तरच पुढचं. "९००" चं पहिलं अक्षर ९, "१२००" चं १. नऊ मोठा, निकाल लागला, पुढे किती शून्यं आहेत हे कुणी बघितलंच नाही. याहून वाईट प्रकार रेंज लावल्यावर होतो. भाव ९०० ते १५०० असा फिल्टर लावा, मजकुराच्या हिशोबात "९००" पासून पुढे असलेलं आणि तरी "१५००" च्या आत असलेलं असं काहीच असू शकत नाही, त्यामुळे स्क्रीनवर येतं "एकही नोंद सापडली नाही". बघणाऱ्याला वाटतं आज लिलावच झाले नाहीत.

उपाय तसा छोटा आहे. वर्डप्रेसमध्ये फिल्टरची अट लिहिताना फील्डचं नाव, व्हॅल्यू, तुलना कशी करायची आणि प्रकार कुठला अशा चार गोष्टी देता येतात, त्यातला प्रकार दिला नाही तर तो मजकूरच धरला जातो. तिथे न्यूमेरिक लिहिलं की डेटाबेस तुलनेआधी व्हॅल्यूची संख्या करून घेतो आणि ९०० गपचूप १२०० च्या खाली जातो. (न्यूमेरिक म्हणजे पूर्णांक बरं का, पैसे किंवा दशांश असतील तर डेसिमल द्यायचं, आणि दशांशाच्या जागा किती तेही लिहायचं, नाहीतर तो पूर्णांकच करतो.) क्रम लावतानाही तेच, तिथे संख्येप्रमाणे लावायचा पर्याय वेगळा असतो.

पण संख्या करून घेणं म्हणजे डेटाबेस डावीकडून वाचत जातो आणि अंक नसलेलं काही दिसलं की तिथेच थांबतो. इंग्रजी अंकांत बाराशे पन्नास लिहून मागे "रु." लावलं तर निभावतं, मागचं गळून पडतं. पण हजारानंतर स्वल्पविराम दिला की उरतो १, अख्ख्या बाराशे पन्नासाचा एक! आकड्याच्या आधी रुपयाचं चिन्ह लावलं तर शून्य. आणि आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे मायएसक्यूएलला, म्हणजे वर्डप्रेसच्या मागच्या डेटाबेसला, देवनागरी अंक संख्या म्हणून वाचता येत नाहीत, म्हणून मराठी कीबोर्डने भरलेला १२५० पण शून्यच होतो. मराठी अंक दिसायला हवेत हे मला मनापासून पटतं, पण ते दाखवताना करावेत, साठवताना इंग्रजीच ठेवावेत. तारखेलाही हाच न्याय, आधी वर्ष मग महिना मग दिवस असं साठवलं की मजकूर म्हणून लावली तरी क्रम बरोबर येतो, दिवस आधी लिहिला की पाच नोव्हेंबर पाच जानेवारीला जाऊन चिकटतो.

आता कांद्याचा प्रकार आणि समिती. इथे माझं स्पष्ट मत आहे की ज्या गोष्टी ठरलेल्या यादीतून निवडायच्या असतात त्या कस्टम फील्डमध्ये हाताने टाईप करायला देऊच नयेत. कुणी "पिंपळगाव" लिहितं, कुणी "पिंपळगांव", कुणी "उन्हाळ", कुणी "उन्हाळी", आणि फिल्टर यातलं एकच पकडतो. त्याहून फसवं म्हणजे डोळ्यांना फरकच दिसत नाही ते. ॲग्रीफाउंड लाइट रेड ही कांद्याची जात घ्या. त्यातला पहिला ॲ युनिकोडमध्ये (संगणकावर प्रत्येक अक्षराला नंबर देणारं मानक) स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये आला, त्याआधीपासून लोक अ लिहून त्यावर चंद्र देतात, आणि बरेच कीबोर्ड अजून तसंच करतात. म्हणजे "ॲग्रीफाउंड" आणि "अॅग्रीफाउंड" स्क्रीनवर एकसारखे, आतून वेगळे, आणि एक शोधलं की दुसऱ्या नोंदी गायब.

यासाठी वर्डप्रेसमध्ये टॅक्सॉनॉमी आहे, २००७ च्या २.३ आवृत्तीपासून. लाल, रांगडा, उन्हाळ ही नावं एकदाच नोंदवायची, प्रत्येक नावाला नंबर मिळतो आणि नोंदीशी तो नंबर जोडला जातो. स्पेलिंगचा प्रश्नच मिटतो, आणि नंबराला इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी, असल्याने शोधही पटकन होतो.

पटकन हा मुद्दा सुरुवातीला कुणाच्या डोक्यात नसतो, साइट जुनी झाली की येतो. पोस्टमेटात फील्डच्या नावाला इंडेक्स आहे, व्हॅल्यूला नाही. म्हणजे "सरासरी" नावाच्या सगळ्या ओळी डेटाबेसला लगेच सापडतात, पण १५०० च्या वर कुठल्या हे बघायला त्यातली एकेक उघडून संख्या करून तपासावी लागते. दहा समित्यांची रोज एक नोंद धरली तरी वर्षाला ३,६५० नोंदी आणि सहा फील्डच्या हिशोबाने २१,९०० ओळी. त्यात भाव अमुकच्या वर आणि आवक तमुकच्या खाली अशा दोन अटी एकदम लावल्या तर हेच टेबल दोनदा जोडावं लागतं कारण दोन्ही व्हॅल्यू वेगवेगळ्या ओळींत आहेत. तिसरी अट, अजून एक जोड. ड्रुपल या अशाच दुसऱ्या सिस्टीमने मुळातच वेगळा रस्ता घेतला, तिथे प्रत्येक फील्डला आपापलं टेबल आणि संख्येला संख्येचाच कॉलम मिळतो. वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वूकॉमर्सनेही २०१९ मध्ये ३.६ आवृत्तीत किंमत, स्टॉक वगैरेसाठी वेगळं लुकअप टेबल काढलं. भावाची साइट मोठी होणार असेल तर हेच करावं, नोंद सेव्ह झाली की आकडे एका साध्या टेबलात, नीट प्रकारच्या कॉलमात आणि इंडेक्स देऊन लिहून ठेवायचे आणि फिल्टर तिथेच चालवायचा.

राहिला सुट्टीचा दिवस. लिलाव बंद म्हणून भावाचं फील्ड भरलंच नाही तर पोस्टमेटात त्याची ओळच बनत नाही, आणि भावाप्रमाणे क्रम लावला की ती नोंद शून्य भाव दाखवत खाली जात नाही, यादीतूनच निघून जाते. "भाव १००० नाही" अशी उलटी अट लावली तरी ती येत नाही, कारण तुलना करायला व्हॅल्यूच नाही. तिला आणायचं तर "फील्ड अस्तित्वात नाही" अशी वेगळी अट "किंवा" लावून जोडावी लागते. म्हणून "लिलाव झाले की बंद" हे एक वेगळं फील्ड ठेवावं आणि ते रोज भरावं, भाव असो वा नसो. लासलगावला आज बंद होता की कुणी भाव भरायचा राहिला, हे शेतकऱ्याला त्यातूनच कळतं.