वायर लावली, पण फोटो दिसत नाहीत

तक्रार ठरलेली असते. फोन केबलने कॉम्प्युटरला जोडला, चार्जिंगची खूण आली, पण कॉम्प्युटरवर फोनचं फोल्डर उघडलं तर आत काहीच नाही. दादरला आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या काकूंचा यासाठी फोन येतो. "अरे, जरा वर येतोस का? नवीन केबल आणली तरी तेच!" केबल बहुतेक वेळा ठीक असते. (काही स्वस्त केबलींत नुसत्या चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. तेव्हा दोष तिचा.) फोनचं लॉक उघडायचं, वरची पट्टी खाली ओढायची, 'फाइल ट्रान्सफर' निवडायचं, की फोटो दिसू लागतात. मग काकूंचा पुढचा प्रश्न: "पूर्वी हे असलं काही करावं लागत नव्हतं ना?"

नव्हतं. पण पूर्वी म्हणजे कधी, ते आधी ठरवायला हवं.

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा, कोलकात्याहून दिल्लीला. मुंबईतही मोबाइल त्याच वर्षी आला. तेव्हा फोनमध्ये जपण्यासारखं होतं काय, तर नंबर. ते सिमवर असत, साधारण अडीचशेपर्यंत, आणि नावाला जागा इतकी तोकडी की 'संजय प्लंबर दादर' लिहिताना दादर गळून पडायचं. बॅकअप म्हणजे लँडलाइनशेजारची डायरी. फोन लोकलच्या गर्दीत गेला की डायरी उघडायची आणि रविवारची दुपार नंबर टाइप करण्यात घालवायची. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली, तेव्हा पुष्कळांना नव्याने कळलं की आपला नंबर नव्या सिमवर येतो, बाकीच्यांचे जुन्या सिमवरच राहतात.

कॉम्प्युटर यात शिरला तो नोकियाच्या पीसी सूट या प्रोग्रॅममुळे. महागड्या मॉडेलच्या डब्यात त्याची सीडी यायची. केबल मात्र पुष्कळदा लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन शोधावी लागे. दुकानात केबलींचे जुडगे टांगलेले आणि दुकानदाराचा पहिला प्रश्न, "मॉडेल कुठलं?" कारण एका फोनची पिन दुसऱ्याला बसत नसे. चार्जरची पिन वेगळी, डेटाची वेगळी. २००९ मध्ये युरोपात मोठ्या कंपन्यांनी मायक्रो-यूएसबीवर एकमत केलं, त्यानंतर हळूहळू चार्जिंग आणि डेटा एकाच भोकातून होऊ लागलं. चार्जिंगची खूण येते म्हणजे फोन जोडला गेला, हा आजचा गैरसमज तिथूनच सुरू होतो असं मला वाटतं.

पीसी सूट नंबर, मेसेज, कॅलेंडर सगळं एका फाइलीत बांधून ठेवायचा. एनबीयू नावाची ती फाइल नेहमीच्या कुठल्याच प्रोग्रॅममध्ये उघडत नसे. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. नोकिया संपेल असं कुणाच्या मनात होतं?

मग काकूंना आठवतो तो काळ आला. मेमरी कार्ड, आणि 'यूएसबी ड्राइव्ह' म्हणून जोडला जाणारा फोन. केबल लावली की फोनचा पेन ड्राइव्ह व्हायचा. फोल्डर उघडा, सगळं निवडा, कॉपी करा, डी ड्राइव्हवर पेस्ट करा. यापेक्षा सोपा बॅकअप पुन्हा झाला नाही. फक्त त्यात एक गोम होती. कार्ड कॉम्प्युटरच्या ताब्यात असेपर्यंत फोनला ते दिसत नसे. गाणी गायब, कॅमेरा हटून बसलेला. आणि 'इजेक्ट' न करता केबल खेचली तर अख्खं कार्ड बिघडण्याची भीती. अॅप्स याच जागेत राहू लागली तेव्हा हे चालेना. फोन चालू असताना त्याच्या पायाखालची जमीन काढून कशी घेणार?

म्हणून २०११ मध्ये अँड्रॉइड ३.० पासून एमटीपी (मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल) आलं. ही पद्धत मुळात मायक्रोसॉफ्टने गाणी ऐकायच्या प्लेअरसाठी काढलेली. तिच्यात साठ्याचा मालक फोनच राहतो. कॉम्प्युटर एकेक फाइल मागतो, फोन ती काढून देतो. जुन्या रेशन दुकानासारखं, आत जायचं नाही, काउंटरवर मागायचं. चार-पाच हजार फोटो एकदम मागितले की रांग लागते, उरलेला वेळ वाढत जातो आणि मध्येच जोडणी तुटली तर काय आलं नि काय राहिलं ते हातानेच तपासायचं. मी म्हणूनच एकेका महिन्याचे फोटो घेतो आणि दोन्हीकडची संख्या जुळवून पाहतो.

दार बंद ठेवायची पद्धत त्यानंतरची. २०१३ च्या ब्लॅक हॅट या कॉम्प्युटर-सुरक्षेच्या परिषदेत जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी चार्जरसारखं एक उपकरण दाखवलं, जे आयफोनला जोडताच त्यात परस्पर अॅप घालू शकत होतं. त्याच वर्षी आयफोनच्या आयओएस ७ मध्ये 'या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का?' हा प्रश्न आला. अँड्रॉइडनेही २०१५ च्या मार्शमेलो आवृत्तीपासून केबल लावल्यावर नुसतं चार्जिंग करायचं, बाकी मालकाने सांगितलं तर, असं ठरवलं. काकूंच्या रिकाम्या फोल्डरचं मूळ ते. स्टेशनवर, बसमध्ये, कुणाच्याही लॅपटॉपला आपण फोन लावतो, हे पाहता मला ही कटकट रास्तच वाटते.

आयफोनची वाट उलटी. २००७ मध्ये तो आला तेव्हा अॅपलचा आयट्यून्स प्रोग्रॅम असलेल्या कॉम्प्युटरला जोडल्याशिवाय सुरूच होत नसे, बॅकअपही तिथेच. ऑक्टोबर २०११ मध्ये आयओएस ५ आणि आयक्लाउड, म्हणजे अॅपलचा इंटरनेटवरचा साठा, आलं आणि कॉम्प्युटरची सक्ती गेली. कॉम्प्युटरवर बॅकअप आजही घेता येतो, मॅकवर २०१९ पासून फाइंडरमधून. पण त्याच्या फोल्डरात 'गणपती २०२२' असं काही सापडत नाही. चाळीस-चाळीस अक्षर-आकड्यांच्या नावांच्या असंख्य फाइली असतात आणि विंडोजवर त्या मुकाट्याने सी ड्राइव्ह भरत जातात. बॅकअपला पासवर्ड घातला तर सेव्ह केलेले पासवर्ड आणि आरोग्याची माहितीही त्यात येते. तो पासवर्ड विसरलात तर त्या बॅकअपवरून फोन भरता येत नाही.

मग लोकांनी कॉम्प्युटरच सोडला. मे २०१५ मध्ये गुगल फोटोजने किंचित दाबलेले फोटो हवे तितके फुकट ठेवायचं कबूल केलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. घरचा डेस्कटॉप भंगारवाल्याकडे गेला, ऑफिसचा लॅपटॉप आला, ज्याचं यूएसबी बहुतेकदा कंपनीने बंद केलेलं असतं. १ जून २०२१ पासून नवे फोटो गुगलच्या फुकट १५ जीबीत मोजले जाऊ लागले. व्हॉट्सअॅपचा गुगल ड्राइव्हवरचा बॅकअप २०१८ पासून त्या हिशेबाबाहेर होता, तोही २०२४ मध्ये त्यातच आला. 'स्टोरेज फुल' हा मेसेज घरोघरी पोचला आणि केबलची आठवण झाली ती अशी.

व्हॉट्सअॅपबद्दल एवढं सांगायला हवं. अँड्रॉइडवर ते रोज रात्री दोनच्या सुमारास फोनमध्येच आपली एक प्रत काढतं. फोल्डर कॉम्प्युटरवर उचलून आणलं तर फोटो-व्हिडिओ उघडतात. संभाषणं कुलूपबंद राहतात. फाइल तुमच्या घरात, किल्ली व्हॉट्सअॅपपाशी.

घरातली प्रत म्हणजे सुरक्षित प्रत, असंही नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यांवर टेबलाखालचे सीपीयू पाण्यात गेले, आणि शेजारच्या खणातल्या सीड्याही. म्हणून माझी दुसरी हार्ड डिस्क डोंबिवलीला बहिणीकडे असते.

माझ्याकडे जुन्या बॅकअपच्या दोन फाइली उरल्या आहेत. एक एनबीयू, २००८ ची, जी कशातच उघडत नाही. दुसरी व्हीसीएफ, म्हणजे नंबरांची व्हीकार्ड फाइल, माझ्या पहिल्या अँड्रॉइडमधली. व्हीकार्ड हा साचा १९९५ मध्ये अॅपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्सने मिळून ठरवला. आत साधा मजकूर, कुणालाही वाचता येईल असा. नोटपॅडमध्ये उघडल्यावर देवनागरी नावांच्या जागी बरोबरच्या (=) चिन्हांची माळ दिसली: =E0=A4=86=E0=A4=88. प्रत्येक अक्षर तीन-तीन खुणांत फोडलेलं. शेवटी 86 म्हणजे आ, 88 म्हणजे ई. फाइल नव्या फोनमध्ये घेतली आणि 'आई' सरळ यादीत येऊन बसली. नंबर एमटीएनएलच्या लँडलाइनचा होता. ती लाइन आम्ही केव्हाच सरेंडर केली.