गृहभेटीतले समुपदेशन: पार्श्वभूमी

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या किंवा दिव्यांग प्रौढाच्या घरी जाऊन त्याच्या मनाची विचारपूस करणारा समुपदेशक आज काही शहरांत आणि तालुक्यांत दिसू लागला आहे. मनोरुग्णांविषयीच्या १९१२ च्या कायद्यापासून १९८७ च्या कायद्यापर्यंत मानसिक उपचार म्हणजे प्रामुख्याने रुग्णालय, आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी, असेच समीकरण होते. १९७० च्या दशकात बेंगळुरूजवळच्या खेड्यांत आणि हरियाणातल्या रायपूर रानी परिसरात गावपातळीवरच्या उपचाराचे प्रयोग झाले, १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, बेल्लारीत त्याचा जिल्हास्तरीय नमुना उभा राहिला आणि १९९६ पासून तो इतर जिल्ह्यांत पोहोचू लागला. मात्र या साऱ्या रचनेत रुग्णाने आरोग्य केंद्रापर्यंत यावे, हेच गृहीत होते.

पुढचा सगळा गुंता ‘समुपदेशन’ या शब्दात आहे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात समुपदेशक आला तो पती-पत्नींत समेट घडवण्यासाठी. एड्स नियंत्रण कार्यक्रमात तो आला रक्तचाचणीच्या आधी आणि नंतर माहिती व धीर देण्यासाठी. वैद्यकीय प्रवेशाच्या जागावाटपालाही लोक समुपदेशनच म्हणतात. २०१०-११ मध्ये ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा अंथरुणावरच्या ज्येष्ठांसाठी गृहभेटीची तरतूद स्पष्टपणे लिहिली गेली आणि तिच्याबरोबर समुपदेशनाचीही. पण ते समुपदेशन होते घरच्या माणसांसाठी, काळजी कशी घ्यावी हे सांगण्यापुरते. ज्याची कूस बदलायची त्याच्याशी बोलणे हे कोणाचे काम, हे त्या आराखड्यात ठळकपणे आले नाही, आणि माझ्या मते या क्षेत्राची आजची बरीचशी ओढाताण तिथूनच सुरू होते.

कारण घरात गेल्यावर नेमका हाच प्रश्न समोर येतो. ‘आजी, रात्री झोप लागते का?’ असे विचारले की उत्तर सून देते, आणि तेही मायेपोटी. एका खोलीच्या घरात दार लावून घेणे शक्य नसते, टीव्ही चालू असतो, आजींना एका कानाने कमी ऐकू येते. चहा टाकायला सून आत गेली की जी पाच मिनिटे मिळतात, त्यांतच आजी ‘आता माझं काय राहिलंय’ म्हणतात, आणि त्या दिवसाचे खरे काम तेवढ्यातच होते. रुग्णालयातल्या खोलीसाठी बेतलेले गोपनीयतेचे नियम या घराला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने सेवा हा हक्क मानला आणि सरकारने पुरवायच्या सेवांत कुटुंबाला आधार व घरच्या घरी पुनर्वसन यांचा उल्लेख केला. त्याच कायद्यातल्या ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ या व्याख्येत मनोविकारतज्ज्ञ, नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोरुग्ण परिचारिका, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता आणि आयुर्वेदासह इतर पद्धतींतले संबंधित पदव्युत्तर तज्ज्ञ बसतात. समुपदेशक हा शब्द मात्र त्या यादीत नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याने समुपदेशकांना अनुसूचीत घेतले, तेही मधुमेह प्रशिक्षक, स्तनपान सल्लागार, कुटुंब नियोजन समुपदेशक अशा मोठ्या गोतावळ्यात, आणि व्यावसायिक ठरण्यासाठी, संलग्न व्यावसायिक की आरोग्यसेवा व्यावसायिक यानुसार, किमान २,००० किंवा ३,६०० तासांच्या शिक्षणाची अट घातली.

ही अट वादाची आहे, आणि दोन्ही बाजूंना वजन आहे. एकट्या राहणाऱ्या, परावलंबी माणसाच्या घरात शिरणाऱ्या व्यक्तीची नोंद व जबाबदारी कोठेतरी असलीच पाहिजे. परंतु गोवा, सातारा आणि तमिळनाडू येथे स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ जणांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरोघरी जाणारे कार्यकर्ते तज्ज्ञ नव्हते. काही आठवड्यांचे प्रशिक्षण आणि सततची देखरेख एवढ्यावर त्यांनी काम केले, आणि रुग्णांच्या अक्षमतेत माफक का होईना, घट दिसली. गोव्यातच साठी ओलांडलेल्या १८१ जणांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशाच कार्यकर्त्यांच्या मदतीने नैराश्य जडण्याचे प्रमाण कमी राहिल्याचे आढळले. तासांची अट घालताना या अनुभवाला पुरेशी जागा मिळाली, असे मला वाटत नाही.

कोविडनंतर भर दूरध्वनीकडे वळला. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे क्रमांक उपलब्ध झाले, आणि रात्री-अपरात्री घाबरलेल्या माणसाला त्यांचा आधार मोठा आहे. पक्षाघाताने वाचा गेलेल्या, ऐकू न येणाऱ्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला मात्र फोनवर गाठता येत नाही.

त्याच्या दारापर्यंत नियमाने जाते ती आशाताई. तिच्या घरोघरच्या तपासणी-अर्जात साठीपुढच्यांसाठी तोल जाणे, विसरणे, जेवताना किंवा कपडे घालताना मदत लागणे असे प्रश्न आहेत, आणि मागील दोन आठवड्यांतल्या उदासीविषयी दोन प्रश्न आहेत. त्या दोन प्रश्नांचे गुण तीनपेक्षा जास्त भरले, तर रुग्णाला पुढे आरोग्य केंद्रातल्या अधिकाऱ्याकडे पाठवायचे असते, म्हणजे घराच्या ज्या पायऱ्या त्याला उतरता येत नाहीत, त्याच पायऱ्या उतरून.