एक्स्टेन्शन बोर्ड घेण्याआधी, आणि जळालेला बोर्ड परत आणण्याआधी

श्रावण लागला की आमच्या चिपळूणच्या दुकानात दोन प्रकारची गिऱ्हाइकं येतात. काहींना गणपतीसाठी नवा बोर्ड हवा असतो, काहींच्या हातात गेल्या गणपतीतला जळका बोर्ड असतो. प्रश्न मात्र दोघांचाही एकच: "किती पॉइंटचा आहे?" गर्दीत प्रत्येकाला नीट समजावून सांगायला वेळ मिळत नाही, म्हणून हे पत्रक छापलं आहे. घरी न्या, सवडीने वाचा.

बोर्डला चार पॉइंट असोत की आठ, त्या सगळ्यांना वीज एकाच पिनेतून आणि एकाच वायरमधून येते. सहा अँपिअरची पिन असेल तर सगळ्या पॉइंटना मिळून सहाच अँपिअर. म्हणून पॉइंट मोजण्याआधी अँपिअर बघा. हिशोब सोपा आहे. वस्तूच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात, त्यांना 230 ने भागायचं. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, वायफाय, टेबलफॅन आणि चार मोबाइल चार्जर एकदम लावले तरी दीड अँपिअरच्या वर सहसा जात नाही. हे सगळं एका साध्या बोर्डवर खुशाल चालवा. मखराच्या एलईडी माळांचंही तसंच, त्या अगदी थोडी वीज घेतात.

बोर्ड जाळतात त्या गरम होणाऱ्या वस्तू: इंडक्शन शेगडी, किटली, गिझर, पाणी तापवायचा रॉड, इस्त्री. 1800 वॅटची शेगडी पावणेआठ अँपिअर घेते, 1500 वॅटची किटली साडेसहा. एरवी चार माणसांच्या घरात गणपतीला मुंबईहून पंधरा माणसं येतात. स्वयंपाकघरात प्लग एकच. मग एका बोर्डवर शेगडी आणि किटली दोन्ही. म्हणजे चौदा अँपिअरच्या वर, आणि बोर्ड सहाचा. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण 70 अंशांपर्यंत टिकतं, त्यापुढे मऊ पडायला लागतं.

आता आमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक. शेगडीला कंपनीने जाड पिनेचा, सोळा अँपिअरचा प्लग दिलेला असतो. तो साध्या बोर्डात जात नाही. मग लोक कन्व्हर्जन प्लग मागतात, म्हणजे मागून जाड पिन घालायची आणि पुढून बारीक पिन निघते. पिन जाड आहे ती उगीच नाही. ही वस्तू साध्या पॉइंटवर लावू नका, असं कंपनीने त्या पिनेतून सांगितलेलं असतं. कन्व्हर्जन प्लग लावला की पिन बसते, शेगडी सुरू होते, चहाही होतो. चार दिवसांनी सॉकेटच्या तोंडाशी पिवळा डाग दिसतो. आतली पितळी पत्ती तापून तापून सैल पडते, सैल पडली की आणखी तापते, आणि मग वास येतो.

"पण एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा मीटरजवळचा स्विच) पडला नाही," असं ऐंशी टक्के लोक सांगतात, आणि ते खरंच बोलत असतात. एमसीबी तुमच्या भिंतीतल्या वायरचं रक्षण करतो. पॉवर पॉइंटला भिंतीत अडीच एमएमची (म्हणजे चौरस मिलिमीटरची) वायर आणि सोळा-वीसचा एमसीबी असतो. त्यावर तुम्ही पाऊण एमएमच्या वायरचा बोर्ड लावून बारा अँपिअर ओढलेत, तर एमसीबीच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नसतं. जळतो तो बोर्ड.

म्हणूनच जाडाची बारीक करणारा कन्व्हर्जन प्लग आम्ही ठेवत नाही. काही गिऱ्हाइकं नाराज होऊन दुसरीकडे जातात, ते आम्हाला दिसतं. तरी ठेवणार नाही.

जळलेला बोर्ड आम्ही तुमच्यासमोरच उघडतो. एकाच सॉकेटशी काळं पडलं असेल आणि बाकी वायर चांगली असेल, तर पत्ती सैल होती. त्यात आमचा दोष असू शकतो, आणि वर्षाच्या आत असेल तर बदलून देतो. पूर्ण वायर मऊ किंवा चिकट झाली असेल, तर लोड जास्त होता. तो बोर्ड बदलून मिळत नाही. कृपया काउंटरवर वाद घालू नका, त्यावर काय लावलं होतं ते सांगा. पुढचा बोर्ड योग्य देता येतो.

गुंडाळलेल्या बोर्डाबद्दल एक सांगायचं राहिलं. दहा मीटर वायरचं वेटोळं तसंच ठेवून दोन मीटरच वापरलं, तर आतली उष्णता बाहेर पडत नाही. सगळी वायर सोडा. ती सतरंजीखालून नेऊ नका. बोर्डला बोर्ड जोडू नका. मखरामागे बोर्ड ठेवताना समई-निरांजनापासून आणि कापडापासून दूर, आणि जमिनीवर न ठेवता भिंतीला खिळ्यावर टांगा. पडवीत पावसाची झड येते.

22 जुलै 2021 च्या पुरानंतर कित्येकांनी चिखलातून काढलेले बोर्ड उन्हात वाळवून वापरायला आणले होते. पाण्यात बुडालेला बोर्ड वाळला तरी आत गाळ राहतो, पितळ हिरवं पडतं. तो टाकूनच द्या. गुहागर, दापोलीकडच्या खाऱ्या हवेत न बुडताही पत्त्या हिरव्या पडतात. तिकडच्या मंडळींनी वर्षातून एकदा पिना बघाव्यात.

दुबई, कुवेतहून येणाऱ्या वस्तूंना चौकोनी पिनांचा प्लग असतो. तिथला व्होल्टेज आपल्यासारखाच, त्यामुळे वस्तू चालते. पण युनिव्हर्सल अडॅप्टरमध्ये त्या पिना सैल बसतात आणि बऱ्याच अडॅप्टरना अर्थिंगच नसतं. धातूची बॉडी असेल तर शॉक लागू शकतो. प्लग कापून आपला थ्री-पिन बसवून घ्या, आम्ही पाच मिनिटांत बसवतो. अमेरिकेहून आलेल्या 120 व्होल्टच्या वस्तूला अडॅप्टर लावून मुळीच चालू करू नका. अडॅप्टर व्होल्टेज कमी करत नाही.

बाजारातल्यापेक्षा आमचा बोर्ड महाग का, हेही विचारलं जातं. ब्लेडने वायरची तार खरवडून बघा. स्वस्त बोर्डात बऱ्याचदा वर तांब्याचा मुलामा आणि आत पांढरं अॅल्युमिनियम निघतं. पिनेला लोहचुंबक लावा, चिकटला तर ती पितळेची नाही. आम्ही सहा अँपिअरच्या बोर्डला एक एमएमची शुद्ध तांब्याची वायर लावतो. जुने वायरमन ज्याला 40/76 म्हणतात, साधारण ती. सोळा अँपिअरच्या बोर्डला अडीच एमएम आणि बोर्डवरच स्वतंत्र एमसीबी. शेगडी तात्पुरती लावायचीच असेल तर हा बोर्ड घ्या, आणि त्यावर एका वेळी गरम होणारी एकच वस्तू लावा. कायमची लावायची असेल तर वायरमनकडून स्वयंपाकघरात वेगळा पॉवर पॉइंट काढून घेणं हेच बरं. त्यासाठी लागणारं सामान आमच्याकडे आहे. जमलं तर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबीही, म्हणजे शॉक लागला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या.

मापाप्रमाणे बोर्ड बनवायला आम्हाला दोन दिवस लागतात. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात ते जमत नाही, तेव्हा ऑर्डर पंधरा दिवस आधी द्या. येताना भिंतीतल्या पॉइंटपासूनचं अंतर मोजून आणा आणि वस्तूच्या मागच्या पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून आणा.