सामाजिक रहस्यकादंबरीचे वाचन

सामाजिक रहस्यकादंबरीचे वाचन : खून, अपहरण, बेपत्ता माणूस किंवा फसवणूक यांच्या तपासाभोवती रचलेली, पण तो गुन्हा ज्या सामाजिक दुखण्यातून उपजला त्याचाही माग काढणारी कादंबरी वाचण्याची रीत. हुंडा, जातीय हिंसा, जमीन बळकावणे, बालकांचे शोषण, वेठबिगारी, बेकायदा इमारती, बुवाबाजी हे अशा कादंबऱ्यांचे नेहमीचे विषय. यांत दोन तपास एकाच वेळी चालू असतात. पहिला पोलिसांचा किंवा गुप्तहेराचा : हे कोणी केले? दुसरा लेखकाचा : हे होऊ कोणी दिले? पहिल्याचे उत्तर शेवटच्या वीस पानांत मिळते. दुसऱ्याचे उत्तर आधीच्या दोनशे-अडीचशे पानांत विखुरलेले असते आणि घाईने वाचणाऱ्याच्या हाती ते लागत नाही. प्रस्तुत नोंद मुख्यतः या दुसऱ्या उत्तराविषयी आहे आणि ठाणे व नवी मुंबईचा वाचक समोर ठेवून लिहिली आहे.

मराठीत रहस्यकथेला वाचक कधी कमी पडले नाहीत, मान मात्र कमी मिळाला. बाबूराव अर्णाळकरांनी (१९०६–१९९६) हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्या वाचनालयांतून फाटेपर्यंत फिरल्या, आणि क्रमिक पुस्तकाच्या आत लपवून वाचण्याची चीज म्हणूनच लोकांच्या लक्षात राहिल्या. पुढे सुहास शिरवळकरांनी (१९४८–२००३) अमर विश्वास हा वकील नायक आणला, तेव्हा गोष्ट बेड्या पडल्यावर न थांबता कोर्टात शिरली. हा बदल वरवर किरकोळ वाटतो, पण साक्षीदार का फिरला, कोणाला वकील परवडला, कोणाची जबानी खोटी धरली गेली, हे प्रश्न अटकेनंतरच विचारता येतात. युरोपात हा रस्ता ठळक केला तो माय श्योवाल व पेर वालो या स्वीडिश जोडप्याने. १९६५ ते १९७५ या दहा वर्षांत त्यांनी एकाच पोलीस पथकावर दहा कादंबऱ्या लिहिल्या आणि सगळ्या मालिकेला ‘एका गुन्ह्याची कादंबरी’ या अर्थाचे उपशीर्षक दिले. तो एक गुन्हा त्यांच्या मते समाजव्यवस्थेचा होता. स्टीग लार्सनच्या २००५ मधील गाजलेल्या कादंबरीचे मूळ स्वीडिश नाव ‘स्त्रियांचा द्वेष करणारे पुरुष’ असे आहे. इंग्रजीत ती नायिकेच्या गोंदणाच्या नावावर खपली. विषय नावातून गेला आणि कोडे तेवढे उरले. वाचतानाही नेमके हेच होते.

ठाण्यात पुस्तक मिळवणे अवघड नाही. ठाणे नगर वाचन मंदिर १८५० चे, तर मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, नंतरचे वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने उभे राहिले. वाचनालयात ‘रहस्य’ या कप्प्यापाशीच थांबू नये. सामाजिक आशय असलेली पुस्तके पुष्कळदा साध्या ‘कादंबरी’त किंवा ‘अनुवादित’मध्ये लावलेली असतात, देवघेवीच्या खिडकीवर विषय सांगून विचारलेले बरे. जुनी प्रत घेताना तीन गोष्टी तिथल्या तिथे पाहाव्यात. शेवटची आठ-दहा पाने शाबूत आहेत का, हे पाहायचे ते फक्त पानांच्या आकड्यांवरून. नजर मजकुरावर जाऊ द्यायची नाही. पुन्हा बांधणी करताना कडा कापल्या असतील, तर ओळींची टोके गेली आहेत का. आणि तिसरी, सर्वांत चीड आणणारी : पहिल्या काही पानांच्या समासात कोणी पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवले आहे का. हा उद्योग करणारे महाभाग प्रत्येक पिढीत निपजतात. खोडरबर जवळ असावे, पण ते दुसऱ्याच्या हाती देऊन पुसून घ्यावे.

वाचनाला लागणारे सामान म्हणजे एक वही आणि पेन्सिल. वहीच्या पानावर तीन रकाने आखायचे : घटना कधी घडली, वाचकाला ती कितव्या पानावर कळली, आणि कोणी सांगितली. रहस्यकादंबरीची सगळी युक्ती पहिल्या दोन रकान्यांतल्या अंतरात असते, सामाजिक आशय तिसऱ्यात. उदाहरणार्थ, बंगल्यात म्हातारा मेलेला सापडतो. मुलगा, सून, डॉक्टर, शेजारी यांचे जबाब चाळीस पानांत येतात. रोज सकाळी साडेसातला येऊन त्याच खोलीची फरशी पुसणाऱ्या बाईला मात्र दीडशेव्या पानापर्यंत कोणी काही विचारत नाही. तिसऱ्या रकान्यात तिचे नाव नाही, ही गोष्ट आखलेल्या कागदावर लगेच दिसते. नुसते वाचताना निसटते. वॉचमन, कॅन्टीनचा पोऱ्या, शिपाई, सफाई कामगार यांच्यासाठी वहीत वेगळे पान राखावे. ज्यांनी पाहिले पण ज्यांना विचारले नाही, अशांची ती यादी होते. चांगल्या लेखकाने ती उणीव मुद्दाम ठेवलेली असते, सुमार लेखकाला ती दिसलेलीही नसते; दोघांतला फरक पुस्तक संपेपर्यंत उघड होतो.

ठाणे–वाशी लोकलचा प्रवास सुमारे अर्ध्या तासाचा. बसायला जागा मिळाली तर तेवढ्यात पंधरा-वीस पाने होतात, म्हणजे तीनशे पानांची कादंबरी जाऊन-येऊन आठ-दहा दिवसांची. या तुकड्या-तुकड्यांच्या वाचनाचा एक तोटा आहे. प्रकरणे उत्कंठेच्या टोकावर तोडलेली असतात, म्हणून दुसऱ्या दिवशी तेवढे टोक आठवते आणि मधला संथ भाग, जिथे घर, पगार, शाळा, कर्ज यांचे तपशील असतात, तो विसरतो. उपाय सोपा : गाडीत बसल्यावर आदल्या दिवशीची शेवटची दोन पाने आधी पुन्हा वाचायची. दोनतृतीयांश पुस्तक झाले की एक दिवस थांबायचे आणि वहीत आपला संशयित, त्याचे कारण, शिवाय गुन्ह्याचा फायदा कोणाकोणाला झाला हे लिहायचे. फायदा झालेल्यांची यादी संशयितांच्या यादीपेक्षा लांब निघाली, तर पुस्तक सामाजिक आहे असे खुशाल समजावे.

स्थानिक माहितीचा उपयोग सर्वाधिक होतो तो जमिनीच्या गोष्टींत. १९७० मध्ये सिडको हे शहर वसवणारे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात, जमीन गेलेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. आगरी-कोळी घरांत वाढलेल्या वाचकाला सातबारा, फेरफार, वारसनोंद, कुलमुखत्यारपत्र हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. म्हणूनच जमिनीवरून झालेल्या खुनाची कादंबरी तो वेगळ्या डोळ्यांनी वाचतो. वारसनोंदीत बहिणींची नावे आहेत का? हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला वाटा सोडल्याच्या कागदावर, त्यांच्या सह्या कधी झाल्या : बाप जिवंत असताना, तेराव्याला, की भूखंडाचे पत्र आल्यानंतर? हिंदू कुटुंबांतल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. या दोन सालांशी कथेतल्या तारखा ताडून पाहिल्या की पुष्कळदा गुन्ह्याचा हेतू पोलीस निरीक्षकाच्या आधी वाचकाला कळतो. लेखकाने तारखाच दिल्या नसतील, तर त्याला जमिनीचा विषय फक्त पार्श्वभूमीला हवा होता, असे मानायला हरकत नाही.

कायद्याचे काही तपशील हाताशी ठेवावे लागतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाचे कलम ३०२ होते, ते १०३ झाले. हुंडाबळीचे ३०४-ब आता ८०. नवऱ्याकडून व सासरकडून छळाचे ४९८-अ आता ८५. फसवणुकीचे ४२० आता ३१८. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच कलमे लागतात, म्हणून २०१५ मध्ये घडणाऱ्या कादंबरीत ३०२ वाचून लेखकाची चूक काढायला जाऊ नये. अटक केलेल्याला २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरत नाही, पण त्यातून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग ग्राह्य धरतात. म्हणून पंचनाम्याच्या पानावर रेंगाळावे. पंच, म्हणजे जप्तीच्या वेळी साक्षीला उभे केलेले लोक, कोण होते, कोणाच्या ओळखीचे होते, हत्यार सापडलेली जागा आधीच कोणाला माहीत होती का, यावर अर्धा खटला उभा असतो. लग्नानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला तर चौकशीची वाट वेगळी असते. कादंबरीत लग्नाची तारीख ओझरती आली असेल, तर ती वहीत टिपलीच पाहिजे.

अनुवादित पुस्तकांत यंत्रणा परकी असते आणि तिथे घसरायला होते. ‘कॉरोनर’ हा संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी मुंबई शहरात १९९९ पर्यंत होता. खाडीच्या अलीकडे ठाण्यात तो कधीच नव्हता. ज्युरी, म्हणजे खटल्यात दोषी की निर्दोष हे ठरवणारे सामान्य नागरिकांचे मंडळ, तीही आपल्याकडे राहिलेली नाही. खासगी गुप्तहेराला इथे कोणाच्या घराची झडती घेण्याचा अधिकार नाही. परदेशी कथेत ज्युरीतल्या बारा माणसांचे पूर्वग्रह हा सामाजिक मुद्दा असू शकतो. त्याला समांतर असे इथले काय, हे शोधू लागले की पंच, पोलीस पाटील, सोसायटीची कमिटी अशी उत्तरे पुढे येतात.

हद्दीचा मुद्दा ठाणेकरांना विशेष जवळचा. ठाणे आणि नवी मुंबई यांची पोलीस आयुक्तालये वेगळी, पलीकडे मुंबईचे तिसरे, आणि मधे खाडी. भरतीने आत आलेला मृतदेह ओहोटीला दुसऱ्याच काठाच्या खारफुटीत अडकतो. कुठे टाकला, कुठे सापडला आणि कोणी नोंदवायचे, या तीन प्रश्नांची तीन उत्तरे. हद्द कोणतीही असो, तक्रार घेऊन शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून योग्य पोलीस ठाण्याकडे पाठवणे कायद्याने बंधनकारक आहे. कादंबरीत ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे वाक्य आले की त्यात किती तास गेले आणि कोणाचे नातेवाईक बाकावर बसून राहिले, हे मोजावे. पैसेवाल्या घरच्या मुलीसाठी हद्द लवकर सापडते. ही टीका लेखक सहसा संवादात लिहीत नाही. ती घड्याळात असते.

आता दोष. सर्वांत मोठा दोष म्हणजे समस्या फोडणीपुरती वापरणे : सुरुवातीला एक अत्याचार, शेवटी एक भाषण, मध्ये मोटारींचा पाठलाग. दुसरा, गुन्हेगार ठरलेल्या साच्यातून काढणे. परप्रांतीय मजूर, तृतीयपंथी किंवा मनोरुग्ण. ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद मुंबईभर इतका रुळला आहे की खुद्द ठाणेकरही तो करतात. ‘तो वेडाच होता’ हे खुनाचे शेवटचे स्पष्टीकरण त्यामुळे आपल्या वाचकाला चटकन पटते, आणि लेखकाची पळवाट झाकली जाते. अशा शेवटापाशी एक प्रश्न पुरतो : आजार काढून टाकला, तर आधीच्या अडीचशे पानांतले काही उरते का? तिसरा दोष वाचकाकडचा : कादंबरीलाच बातमी समजणे. पुस्तकातली पद्धत प्रत्यक्षात तशी असेलच असे नाही, आणि एका खलनायक डॉक्टरवरून सगळ्या दवाखान्यांचा निकाल लावता येत नाही.

गटाने वाचायचे तर आठ-नऊ जण पुरे. नऊ जण आणि तीन प्रती असतील, तर प्रत्येकाला दहा दिवस धरून एक महिना लागतो; वाचनालयाची मुदत त्याआधी संपते, म्हणून नूतनीकरण कोण करणार हे आधी ठरवावे, नाहीतर दंड आणि रुसवे दोन्ही येतात. अशा वाटणीत टप्प्याटप्प्याने चर्चा जमत नाही, कारण कोणी शेवटाला पोहोचलेले तर कोणी पहिल्या पानावर. चर्चा महिन्याअखेरीस एकच ठेवावी. प्रत्येकाकडे स्वतःची प्रत असेल तर पंधरा दिवसांच्या अंतराने तीन बैठका, आणि प्रत्येक बैठकीची मर्यादा पानाच्या आकड्याने : ‘१२० पर्यंत’. प्रकरणाच्या नावाने मर्यादा सांगू नये, कधीकधी नावातच शेवट फुटतो. बालशोषण किंवा आत्महत्या हा विषय असेल तर तो पुस्तक निवडतानाच सांगावा. बैठकीतून मध्येच उठून जाणाऱ्याला कारण विचारू नये. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ आणि बालकांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ हे क्रमांक गटाच्या निरोपात खाली लिहून ठेवावेत. चर्चा शहरातल्या खऱ्या प्रकरणाकडे वळली, आणि ती वळतेच, तर लैंगिक अत्याचारातील पीडितेचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील गटाच्या संदेशांत लिहू नये. ते प्रसिद्ध करणे कायद्याने गुन्हा आहे, आणि एकाने पुढे पाठवलेला संदेश कुठे जाऊन थांबेल यावर कोणाचा ताबा नसतो.

दुसरे वाचन पूर्ण पुस्तकाचे करावे लागत नाही. गुन्हेगार कळल्यावर पहिली पन्नास पाने आणि वहीतल्या ‘न विचारलेल्यां’ची पाने तेवढी पुन्हा उघडावीत. फरशी पुसणाऱ्या बाईने सहाव्या पानावर ‘साहेब, एक सांगायचं होतं’ म्हटलेले असते आणि साहेबांचा फोन वाजलेला असतो.