लूपची लय आणि पट्टी जुळवणे

लूप म्हणजे पुन्हापुन्हा वाजवण्यासाठी कापून ठेवलेला ध्वनिमुद्रित तुकडा: तालवाद्याचा, सुरावटीचा किंवा गळ्याचा. लूपची लय आणि पट्टी जुळवणे म्हणजे संगीत सॉफ्टवेअरमध्ये असा तुकडा नव्या रचनेच्या लयीत आणि पट्टीत बसवणे. लय मिनिटाला किती मात्रा (बीपीएम) अशी मोजतात, तर पट्टीतला फरक सेमीटोनमध्ये. हार्मोनियमच्या लगतच्या दोन स्वरांतले अंतर एक सेमीटोन. सप्तकात असे १२ असतात.

टेपवर लय आणि पट्टी एकमेकींना बांधलेल्या होत्या. फीत दुप्पट वेगाने फिरवली की लय दुप्पट होई आणि स्वर सप्तकभर वर जाई. संगणकावर नुसता वेग बदलला तरी हेच घडते. समजा, तीनतालाचे एक आवर्तन ९.६ सेकंदांचे आहे. १६ मात्रांच्या हिशेबाने लय १०० बीपीएम. तबला काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वरात, लावलेला आहे. तो ११० च्या लयीवर पळवला तर सुमारे १.६५ सेमीटोन चढतो आणि पांढरी दोन व काळी दोन यांच्या मध्येच अडकतो. त्याच्याबरोबर गाणे अशक्य. पण रचनेची लय ११२.२ ठेवली, तर चढ जवळजवळ नेमका दोन सेमीटोनचा होतो आणि तबला काळी दोनमध्ये सुरेल लागतो. गायकाची पट्टी काळी दोनच असेल, तर याहून स्वच्छ मार्ग नाही. ही साधी आकडेमोड आधी करून पाहावी.

हिशेब जुळत नसेल, तर लय आणि पट्टी वेगळ्या कराव्या लागतात. १९९४ मध्ये आलेल्या ‘रीसायकल’ या सॉफ्टवेअरने लूपचे प्रत्येक आघाताशी तुकडे पाडून ते नव्या लयीनुसार जवळ-दूर मांडण्याची पद्धत रूढ केली. ड्रम, ढोलकी यांना ती फार मानवते, कारण थाप जशीच्या तशी राहते. लय फार उतरवली, तर मात्र तुकड्यांमध्ये रिकामी जागा ऐकू येते. दुसऱ्या पद्धतीत ध्वनीचे काही मिलिसेकंदांचे कण एकमेकांवर चढवून लांबी बदलतात. तिसरी फेज व्होकोडरची. तो फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी १९६६ मध्ये बेल प्रयोगशाळेत मांडला. यात ध्वनीतल्या कंप्रतांचे पृथक्करण करून तो नव्या लांबीत पुन्हा रचला जातो. तानपुरा, व्हायोलिन अशा सलग स्वरांवर तो उत्तम चालतो, तबल्याची चाट (काठावरचा आघात) मात्र पसरट करतो. लय न बदलता पट्टी चढवायची, तर आधी लूप ताणून लांब करतात आणि मग तेवढाच पळवतात.

१९९८ च्या ‘अ‍ॅसिड’ने आणि २००१ च्या ‘एबलटन लाइव्ह’ने, म्हणजे आणखी दोन सॉफ्टवेअरनी, हे काम वाजवता वाजवता होऊ लागले. त्याआधी अकाई कंपनीच्या सॅम्पलरमधून (ध्वनीचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रातून) ताणलेल्या आवाजाला धातूसारखी खरखर येई. नव्वदच्या दशकातल्या ‘जंगल’ या ब्रिटिश नृत्यसंगीताच्या प्रकाराने तीच खरखर आवडीने उचलली.

सॉफ्टवेअरने आपणहून ओळखलेली लय तपासलीच पाहिजे. ७० ची लय १४० दाखवणे, म्हणजे ठाय आणि दुगुन यांची गल्लत, नेहमीची. रूपक तालाच्या सात मात्रांचा लूप चार-चारच्या गणितात बसवला तरी तो सरकत जातो. लूप १० मिलिसेकंद लांब कापला गेला, तर दहा आवर्तनांनंतर तो शंभर मिलिसेकंदांनी मागे पडतो आणि कान ते लगेच पकडतो. मैफलीत लय हळूहळू चढत असल्याने एकच बीपीएम पुरत नाही. तिथे निदान प्रत्येक समेवर खूण करून मधला भाग ताणावा लागतो.

गळ्याची पट्टी चढवताना स्वरासोबत मुखपोकळीचे अनुनादही वर सरकतात आणि आवाज बालिश होतो. हे अनुनाद, म्हणजे फॉर्मंट, जागेवर ठेवण्याची सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते. तबल्याच्या लूपमध्ये अडचण वेगळी आहे: दायाँ (उजव्या हाताचा तबला) चढवून षड्जात आणला की त्याच फाइलमधल्या डग्ग्याचा घुमाराही तेवढाच पातळ होतो. दोन्ही वेगवेगळे मुद्रित झाले असतील, तर फक्त दायाँ हलवावा. वारंवार ताणल्याने दोष साठत जातात, म्हणून प्रत्येक बदल मूळ फाइलवरूनच करतात.