सीपॅप मशीन घेऊन विमानप्रवास : परवानगी, कागदपत्रे आणि बॅटरीचा घोळ

स्लीप ॲपनियाच्या, म्हणजे झोपेत श्वास वारंवार थांबण्याच्या विकाराच्या, रुग्णांची विमानतळावर अडवणूक होते, तिचे मूळ बहुधा एकच असते. सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र, सोबत नेणे आणि ते विमानात वापरणे या दोन निराळ्या बाबी आहेत, हे तिकीट काढताना कोणी सांगत नाही.

नुसते न्यायचे असल्यास वैद्यकीय उपकरण म्हणून ते केबिनमध्ये नेता येते. डॉक्टरांचे पत्र जवळ असावे आणि ह्युमिडिफायरचे, म्हणजे मशीनची हवा दमट करणाऱ्या भागाचे, पाण्याचे भांडे रिकामे करावे.

विमानात वापरायचे असल्यास बहुतेक कंपन्यांना किमान 48 तास आधी कळवावे लागते. हे तास विमान सुटण्याच्या वेळेपासून मागे मोजायचे असतात, शिवाय फोनवरचे ‘हो, चालेल’ काउंटरवर कोणी मानत नाही; म्हणून उत्तर लेखी घ्यावे. तिकीट एका कंपनीचे आणि विमान दुसरीचे असेल, तर प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीची परवानगी घ्यावी. लोक स्लीप स्टडीचा (झोपेच्या तपासणीचा) जाडजूड अहवाल पुढे करतात. तिथे मात्र मशीनचे मॉडेल, प्रवासात त्याची असलेली गरज आणि रुग्ण प्रवासास योग्य असल्याचे नमूद करणारे एका पानाचे ताजे पत्र हवे असते.

खरी अडचण बॅटरीची. मर्यादा वॉट-अवरमध्ये असते आणि बॅटरीवर पुष्कळदा मिलिॲम्पिअर-अवर छापलेले असतात. मिलिॲम्पिअर-अवरला हजाराने भागून व्होल्टने गुणले की वॉट-अवर मिळतात. 24 व्होल्ट आणि 4000 मिलिॲम्पिअर-अवर म्हणजे 24 गुणिले 4, अर्थात 96 वॉट-अवर. लिथियम-आयन बॅटरी 100 वॉट-अवरपर्यंत चालते, 100 ते 160 असल्यास कंपनीची मंजुरी लागते व अशा सुट्या (मशीनमध्ये न बसवलेल्या) बॅटऱ्या दोनच नेता येतात. छापील अक्षरे पुसट झाली असतील, तर उत्पादकाचे माहितीपत्रक छापून न्यावे.

अमेरिकेला मुलांकडे निघालेल्या आईवडिलांसाठी आणखी एक पेच आहे. तेथील नियमानुसार, मशीन विमानात वापरायचे असल्यास कंपनी उड्डाणाच्या कमाल अपेक्षित वेळेच्या दीडपट पुरेल एवढी बॅटरी मागू शकते. सोळा तासांच्या उड्डाणाला चोवीस तास. एकीकडे बॅटरीच्या आकारावर बंधन आणि दुसरीकडे ही मागणी, यांचा मेळ प्रवाशाने कसा घालावा, हे नियम करणाऱ्यांनाच ठाऊक! ह्युमिडिफायर बंद ठेवल्यास बॅटरी बरीच जास्त टिकते, म्हणून तसे चालेल का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. सीटजवळच्या सॉकेटवर विसंबू नये.

विमानाच्या दारात, आत जागा नाही म्हणून केबिन बॅग खाली सामानकक्षात पाठवायला सांगितली, तर सुट्या बॅटऱ्या आधी काढून घ्याव्यात, कारण त्या तिथे ठेवण्यास मनाई आहे.