मामाची मुलगी, टाचेतला थेंब आणि मुलांची बुद्धी

सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी पद्मशाली घरं, अक्कलकोटकडे कन्नड, बाकी मराठी. नात्यात सोयरीक करायची चाल मात्र तिन्हीकडे आहे. मराठी घरात मामाची मुलगी करतात. तेलुगू-कन्नड घरांत सख्खा मामाही नवरा म्हणून चालतो. घर पाहिलेलं असतं, देण्याघेण्याची घासाघीस कमी होते.

या चालीचा आजाराशी संबंध लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०२ साली मांडला. लघवी काळी पडणाऱ्या एका दुर्मीळ विकाराच्या मुलांचे आईबाप बरेचदा एकमेकांची चुलत-मावस भावंडं निघत. सदोष जनुकाची एकच प्रत असलेला माणूस ठणठणीत असतो. आईबाप दोघेही असे एका प्रतीचे वाहक असले, तर प्रत्येक मुलाला तो आजार होण्याचा चारात एक धोका. मामे-आते भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुकं सामाईक असतात, मामा-भाचीत एक चतुर्थांश; म्हणून दोघांकडे तीच सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते.

पण तो विकार बुद्धीला धक्का लावत नव्हता. बुद्धीशी जोडणारी कडी १९३४ मध्ये नॉर्वेत सापडली. एका आईची दोन्ही मुलं मतिमंद होती, त्यांच्या अंगाला उग्र वास यायचा, आणि ती कारण विचारत डॉक्टरांची दारं झिजवत होती. अॅस्बियॉर्न फोलिंग यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं. एरवी तपकिरी होणारं मिश्रण हिरवं झालं. प्रथिनांतलं फेनिलअॅलनिन शरीराला पचवता येत नव्हतं आणि साठून मेंदूला मारत होतं. यालाच पुढे फेनिलकीटोन्यूरिया म्हणू लागले.

१९५३ मध्ये हॉर्स्ट बिकेल आणि सहकाऱ्यांनी बर्मिंगहॅमच्या एका चिमुरडीवर केलेल्या आहारोपचाराचा अहवाल छापला. फेनिलअॅलनिन कमी केल्यावर ती सुधारली, पण आधी झालेली हानी भरून निघाली नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला कळीचा धडा हाच: जनुक तेच, पण पथ्य जन्मानंतर काही दिवसांत सुरू झालं की बुद्धी जवळपास सर्वसाधारण वाढते, दोन वर्षांनी सुरू केलं तर नाही. पथ्यही सोपं नाही. दूध, डाळ, अंडं, आपली शेंगाचटणी, सगळ्यावर मोजमाप आलं. म्हणून रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शोधलेली चाचणी मोलाची ठरली: नवजात बाळाची टाच टोचून रक्ताचे थेंब तपासणीसाठी कागदावर वाळवायचे, बस्स.

सगळंच खापर नात्यातल्या लग्नावर फोडणं मात्र चूक. डाउन सिंड्रोममध्ये एकविसावं गुणसूत्र जादा असतं, हे १९५९ मध्ये कळलं. त्याचा सोयरिकीशी संबंध नाही. फ्रॅजाइल एक्स या मतिमंदत्वाच्या आणखी एका आनुवंशिक विकाराचं जनुक १९९१ मध्ये सापडलं. तो दोष एक्स गुणसूत्रावर असतो, त्याला नात्यातलं लग्न लागत नाही.

आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या-शाळांत मुलं तपासतात, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय आहे. पण अंगणवाडीत पोर बोलत नाही हे लक्षात येईपर्यंत फेनिलकीटोन्यूरियाची वेळ केव्हाच टळलेली असते. टाचेच्या थेंबाची चाचणी देशभरातल्या प्रत्येक बाळासाठी अजून सक्तीची नाही.